गाडी घेऊ, पण चार्ज कुठे करू?

मा. परिवहनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिक गाड्या वाढाव्यात असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हे पत्र. चर्चा होते ती अनुदानाची आणि महामार्गावरच्या फास्ट चार्जरची. गाडी रात्रभर जिथे उभी असते, त्या जागेचा विचार मात्र मागे पडतो.

बंगल्यात राहणाऱ्यांचं भागतं. अडतं ते फ्लॅटवाल्यांचं. सोसायटीकडे चार्जर मागितला की उत्तर ठरलेलं: ‘लोड झेपणार नाही.’ हिशेब मांडून पाहू. 40 गाड्यांचे 7 किलोवॅटचे चार्जर एकदम सुरू झाले तर 280 किलोवॅट लागतील, आणि ते जुन्या वायरिंगला खरंच झेपणार नाही. पण रोज चाळीसेक किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला साधारण 7 युनिट पुरतात. त्याच गाड्या रात्रीच्या 8 तासांत आळीपाळीने चार्ज केल्या तर भार येतो 35 किलोवॅट. ही वाटणी आपोआप करणारी यंत्रणा बाजारात आहे. ती कोणी बसवायची, खर्च कसा वाटायचा, नकार मिळाला तर दाद कुठे मागायची, याची स्पष्टता हवी. बॅटरीची आग विझवणं अवघड असतं, ती पुन्हा पेटूही शकते. त्यामुळे तळघरातल्या चार्जिंगचे निकषही अग्निशमन दलाकडून लेखी यायला हवेत.

नुसता रात्रीचा दर उतरवून भागणार नाही. स्वस्त दर लागताच सगळे चार्जर एकदम सुरू झाले, तर संध्याकाळचा ताण रात्रीवर जाईल आणि ट्रान्सफॉर्मरला थंड व्हायला मिळणारे तासही हातचे जातील.

रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्यांची स्थिती मला सर्वांत अन्यायाची वाटते. त्यांना सार्वजनिक चार्जरवरच विसंबावं लागतं आणि तिथली वीज बहुधा घरच्यापेक्षा महाग असते. लंडनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरच चार्जर बसवले आहेत. अशी सोय इतर शहरांतही करता येईल.

जुनी गाडी घेणाऱ्याला बॅटरीची तब्येत कळायला हवी, हेही आलंच. युरोपीय संघाने 2023च्या कायद्यात अशा बॅटऱ्यांसाठी डिजिटल पासपोर्टची, म्हणजे प्रत्येक बॅटरीची माहिती देणाऱ्या डिजिटल नोंदीची, तरतूद केली आहे.

नव्या इमारतींत बांधकामाच्या वेळीच केबलसाठी पाइप टाकणं सक्तीचं करा. नंतरची फोडाफोड फार महाग पडते. जुन्या इमारतींत अर्ज आल्यावर ठरलेल्या मुदतीत परवानगी किंवा नकाराचं लेखी कारण मिळायलाच हवं. अनुदानाची पुढची घोषणा करण्याआधी हे दोन नियम करावेत.

आपला,
एक वाहनचालक