सायक्लोक्रॉसच्या यादीतला इटालियन कुठे गेला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

क्रीडा पानावर चक्क सायक्लोक्रॉसबद्दल, म्हणजे चिखलातल्या सायकल शर्यतींबद्दल वाचायला मिळालं, बरं वाटलं, नाहीतर आयपीएल संपली की तुमचं पान ओस पडतं. हॉलंडच्या मॅथ्यू व्हॅन डर पोलने 2025 ला फ्रान्समध्ये सातवं वर्ल्ड टायटल जिंकून बेल्जियमच्या एरिक डी व्लेमिंकची बरोबरी केली हे सगळं ठीक, पण "हा खेळ बेल्जियम आणि हॉलंडचाच" असं जे ठोकून दिलंय ना ते काही पटलं नाही. अहो, रेनातो लाँगो नावाचा माणूस होऊन गेला की! इटलीतल्या व्हित्तोरियो व्हेनेतोचा, जन्म 1937 चा, पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन. 1959 जिनिव्हा, 1962 लक्झेंबर्गमधलं एश, 1964 ला ओव्हरबूलारे म्हणजे थेट बेल्जियमवाल्यांच्या अंगणात, 1965 ला स्वतःच्या देशात कव्हारियाला आणि 1967 झुरिक. नॅशनल टायटल्स बारा, ती वेगळीच.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांना यात काय विशेष असं वाटेल. ऐन थंडीतली तासाभराची रेस, सगळा चिखल, आणि चढ नाहीतर पायऱ्या आल्या की चालत्या सायकलवरून उजवा पाय मागून फिरवून उतरायचं, वरचा दांडा खांद्यावर घ्यायचा, हात फ्रेमखालून घालून हँडल धरायचं आणि पळत सुटायचं, वर पोचलं की उडी मारून परत सीटवर. लाँगोच्या काळात पेडलला पट्टेवाल्या क्लिपा असायच्या, चिखलाने माखलेल्या बुटाचं टोक त्यात पहिल्या फटक्यात गेलं नाही की पुढचा गेलाच म्हणून समजा. नुसत्या मांड्या असून भागत नाही इथे.

आणि समोर कोण होतं तेही बघा. 1959 ते 1965 या सात वर्षांत वर्ल्ड चॅम्पियन फक्त दोघेच झाले, चार वेळा लाँगो आणि तीन वेळा जर्मनीचा रोल्फ वोल्फशोल. हा वोल्फशोल काही लुंगासुंगा नव्हता, 1965 ला स्पेनची व्हुएल्टा जिंकलेला गडी. म्हणजे तीन आठवड्यांची रोड रेस जिंकणारा माणूस त्याच वर्षी चिखलात मात्र लाँगोच्या मागे. या सात वर्षांच्या आधी फ्रान्सच्या आंद्रे दुफ्रेसने 1954 ते 1958 अशी सलग पाच टायटल्स घेतली होती, त्या पाचची बरोबरी लाँगोने 1967 ला केली.

माझ्या मते खरी गंमत त्या 1967 मध्येच आहे. डी व्लेमिंकची सात टायटल्स म्हणजे 1966 आणि मग 1968 ते 1973, मधलं एकच वर्ष रिकामं. ते भरलंय लाँगोने! डी व्लेमिंक तेव्हा एकवीस वर्षांचा, हा एकोणतिशीचा. त्या दिवशी डी व्लेमिंकची सायकल बिघडली होती असं सांगतात, ज्याचे त्याचे चाहते तसं म्हणणारच, पण सायकल शेवटपर्यंत धड ठेवणं हा या खेळाचाच भाग आहे ना, त्यात नशीब नशीब काय करायचं. नाहीतर डी व्लेमिंकची सलग आठ झाली असती आणि तुम्हाला 2025 ची ती बरोबरीची बातमी देताच आली नसती.

एवढं असून लाँगोचं नाव मागे का पडलं? मला वाटतं इटलीत सायकल म्हणजे जिरो ही त्यांची मोठी रोड रेस आणि रस्त्यावरचे हिरो, हिवाळ्यात रानात चिखल तुडवणाऱ्याला कोण विचारतो. 2023 ला तो गेला तेव्हा आपल्याकडच्या पेपरात एक ओळसुद्धा माझ्या तरी वाचनात आली नाही.

पुढच्या वेळी विजेत्यांची चौकट छापाल तेव्हा इटलीला जागा ठेवा. लाँगोनंतर त्यांना पुरुषांच्या मुख्य गटात पुढचं टायटल मिळायला तीस वर्षं लागली, 1997 म्युनिक, दानिएले पोंतोनी, त्याचंही नाव तुमच्या लेखात नव्हतं.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक