आधी ती शिंगं काढा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत छंदांवर एक लेख आला होता, त्यात एक परिच्छेद आमच्या खेळावर होता, म्हणजे टेबलावर बोटाएवढ्या सैनिकांच्या फिगर्स मांडून जुन्या लढाया खेळतात तो. छापलंत त्याबद्दल थँक्यू, एरवी आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण लेखकाने "मोठ्या माणसांची भातुकली, शेवटी फासे पडतील तसं" असं म्हणून एका वाक्यात विषय उरकलाय आणि सोबत चित्र काय, तर डोक्यावर शिंगं असलेला व्हायकिंग, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीचा उत्तर युरोपातला समुद्री लुटारू. तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं.

पहिल्यांदा शिंगं. व्हायकिंग शिंगांची हेल्मेटं घालून लढायचे याचा एकही पुरावा नाहीये. ती लोकांच्या डोक्यात बसली ती १८७६ला बायरॉइटमध्ये वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरासाठी जे कपडे शिवले गेले त्यामुळे. डेन्मार्कमध्ये शिंगांची हेल्मेटं सापडलीत हे खरं, पण ती ब्राँझ युगातली, व्हायकिंगांच्या साधारण सतराशे वर्षं आधीची. खरं व्हायकिंग हेल्मेट बघायचं तर नॉर्वेत १९४३ला ग्येर्मुंडबूला सापडलं ते बघा, तुकडे जोडून उभं केलंय, साधी गोल लोखंडी टोपी आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी, बास.

हे मला कसं माहिती, तर फिगर रंगवायला घेतली की शोधावंच लागतं. अठ्ठावीस मिलिमीटरच्या फिगरची ढाल नखाएवढी असते, ती रंगवायची कशी हा प्रश्न पडला आणि गोकस्टाडच्या जहाजापर्यंत पोचलो. नॉर्वेतलं हे जहाज १८८०ला उकरून काढलं, त्याच्या दोन्ही बाजूंना बत्तीस-बत्तीस ढाली होत्या, एक पिवळी एक काळी अशा आलटून पालटून. मी पण तशाच रंगवल्या. पिवळा रंग काळ्या प्रायमरवर बसत नाही, तीन तीन हात द्यावे लागतात आणि तिसऱ्या हाताला ढालीच्या मधला उंचवटा हमखास बुजतो, पण ते असो.

आता खेळ. आम्ही सागा खेळतो, स्टुडिओ टोमाहॉक या फ्रेंच कंपनीने २०११ला काढलेला. चार फूट बाय तीन फूट टेबल पुरतं, सहा पॉइंटची फौज, एका पॉइंटला एकतर सरदाराचे चार खासे लोक, नाहीतर आठ साधे लढवय्ये, नाहीतर बारा खोगीरभरती, जिला आम्ही लेव्ही म्हणतो. फासे आहेत, नाही कोण म्हणतंय, पण ते नुसते टाकून मोकळं होता येत नाही, आधी टाकायचे आणि मग आपल्या फौजेच्या बोर्डवर कुठला फासा कुठे ठेवायचा ते ठरवायचं, म्हणजे चढाईला किती आणि अंगावर आल्यावर तग धरायला किती. खरी गोम तर थकव्यात आहे. एकाच फेरीत एखादी तुकडी दुसऱ्यांदा हलवली की तिच्यापाशी थकव्याचं टोकन येतं, हातघाई झाली की अजून एक, आणि ते टोकन वापरतो समोरचा. तुमची माणसं दमलीयत याचा फायदा कधी उठवायचा हे तो ठरवणार. ऑक्टोबर १०६६मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरल्ड याची माणसं काय अवस्थेत उभी असतील ते मला त्या टोकनामुळे कळलं, २५ सप्टेंबरला उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाला मारून ती देशाच्या दुसऱ्या टोकाला आली आणि १४ ऑक्टोबरला टेकडीवर ढालीला ढाल लावून उभी राहिली. पुस्तकात हे वाचून मी नुसतं पान उलटलं होतं.

पण लिहायचं मुख्य कारण वेगळंच आहे. मागे आम्ही मॉल्डनची लढाई लावली. इसवी सन ९९१, इंग्लंडमधलं एसेक्स. व्हायकिंग खाडीतल्या एका बेटावर उतरलेले, बेटावरून काठाला यायला एकच अरुंद वाट आणि ती भरतीला पाण्याखाली जाते. काठावर बिर्टनॉथ नावाचा पांढऱ्या केसांचा सरदार आपली फौज घेऊन उभा. या लढाईवर जुन्या इंग्रजीत एक कविता आहे, तिच्यात तीन जण ती वाट अडवून धरतात, मग व्हायकिंग म्हणतात आम्हाला पलीकडे तर येऊ द्या, आणि हा बाबा येऊ देतो. मग काय, स्वतः मारला गेला, फौज फुटली. कवी म्हणतो गर्वामुळे त्याने जागा दिली. वाचलं तेव्हा मी पण म्हटलं होतं, काय माणूस आहे, आयती वाट अडवलेली आणि सोडून देतोय.

तर मी बिर्टनॉथ घेतला आणि मित्राने व्हायकिंग. वाट एका तुकडीच्या रुंदीची केली, कार्डबोर्डवर वाळू चिकटवून, आणि माझे चार खासे लोक तिच्या तोंडाशी ठेवले. ठरवूनच बसलो होतो, काय वाट्टेल ते होवो, मी हलणार नाही. मित्राने पहिल्या फेरीत एक तुकडी पाठवली, चार फिगर गमावल्या, परत घेतली. दुसऱ्या फेरीत काही नाही, तिसऱ्या फेरीत काही नाही, चौथ्या फेरीत तो खुर्चीला रेलून म्हणाला, "बरं मग, मी जहाजात बसतो आणि दुसरीकडे कुठेतरी उतरतो, तू ये मागनं चालत."

आणि मी गप्प. कारण खरंच होतं ना ते. त्याच्याकडे जहाजं आहेत, माझ्याकडे पाय आहेत. माझ्या फौजेतले चोवीस जण लेव्ही, म्हणजे शेतावरून उठवून आणलेले, ते किती दिवस माझ्यासोबत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणार आहेत? आज हे समोर आहेत आणि माझी सगळी माणसं इथे आहेत, हे परत जुळून येईलच असं नाही. मी वाट अडवून जिंकत नव्हतो, नुसता न हरता उभा होतो. पाच मिनिटं टेबलाकडे बघत बसलो आणि माझे चार जण मीच हाताने मागे घेतले. मित्र हसायला लागला, मला काही हसू आलं नाही.

पुढचं कवितेतल्यासारखंच झालं, थोडं लाजिरवाणंच. ढालींची भिंत दोन फेऱ्या मस्त टिकली, मग मी सरदाराला पुढे काढला, नको होतं काढायला, त्याच्यावर दोन थकवे होते हे विसरलो आणि मित्र नाही विसरला. सरदार गेला. सरदार गेला की त्याचा फासा पण जातो, आणि लेव्हीचा सहसा फासा मिळतच नाही, म्हणजे माणसं टेबलावर आहेत पण त्यांना हलवायला हातात काही नाही. कवितेत गॉड्रिक नावाचा एक जण बिर्टनॉथच्याच घोड्यावर बसून पळतो आणि लोकांना वाटतं सरदारच चाललाय, म्हणून बाकीचे पण पळतात. आमच्याकडे घोडा नव्हता, तरी तेच झालं.

आता यात भातुकली कुठे आली ते तुमच्या लेखकाने सांगावं. बिर्टनॉथ बरोबर होता असं नाही म्हणत मी, त्याच वर्षी इंग्लंडने व्हायकिंगांना दहा हजार पौंड चांदी मोजून दिली, म्हणजे त्याचा डाव फसला हे उघड आहे. पण नुसता गर्व म्हणून सोडून द्यायला मी आता तयार नाही. आणि फाशांचंच म्हणाल तर त्या दिवशी माझे फासे चांगले पडत होते, हरलो ते माझ्या निर्णयांनी.

त्या कवितेची सुरुवात आणि शेवट दोन्ही हरवलेत, मूळ हस्तलिखित १७३१च्या आगीत जळालं, नशीब की त्याआधी कुणीतरी नक्कल करून ठेवली होती. आम्ही पुढच्या वेळी बाजू बदलतोय. मित्राने आत्ताच सांगून ठेवलंय की तो वाट सोडणार नाही, कितीही चिडवलं तरी. मी जहाजात बसायची धमकी देणार आहे, आणि या वेळी खरंच जहाज करून नेतोय, बत्तीस ढाली एका बाजूला. दुसऱ्या बाजूच्या अजून व्हायच्यात. लेखाला फोटो कमी पडला असेल तर पुढच्या वेळी त्याचा देतो, शिंगं एकालाही नाहीत.

आपला,
दर रविवारी पुरवणी आधी उघडणारा एक वाचक