बहाई घरातल्या मुलांना प्रश्न विचारू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बहाई धर्मावर आपल्याकडे काही छापून आलं की त्यात दोन गोष्टी हमखास असतात, एक दिल्लीचं लोटस टेंपल आणि दुसरी म्हणजे या धर्मात प्रत्येकाने सत्य स्वतः शोधायचं असतं ही. मग कुणीतरी विचारतंच, की सत्य स्वतः शोधायचं तर इस्रायलमधल्या हैफाच्या विश्व न्याय मंदिरातले, म्हणजे आमच्या सर्वोच्च निर्वाचित मंडळातले नऊ जण जे ठरवतील ते अचूकच असं तुम्ही कसं काय मानता? मी बहाई घरातच वाढलेय आणि मला हा प्रश्न अजिबात खोडसाळ वाटत नाही, उलट आम्हीच तो एकमेकांना मोकळेपणाने विचारायला पाहिजे.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते, आमच्यात पंधरा वर्षं पूर्ण झाली की आपली श्रद्धा कशावर आहे ते मुलाने स्वतः ठरवायचं असतं, आईबाप बहाई आहेत एवढं पुरत नाही. पुरोहित नाही, प्रवचन देणारं कुणी नाही. पण मध्यंतरी एका स्टडी सर्कलमध्ये अशाच वयाच्या एका मुलीने विचारलं की स्त्री-पुरुष समान आहेत तर विश्व न्याय मंदिरावर फक्त पुरुषच का? बाकी सगळ्या सभांवर बायका निवडून येतात, मग तिथेच का नाही? एक ज्येष्ठ काका प्रेमानेच म्हणाले, बेटा, यामागचं कारण पुढे स्पष्ट होईल असं अब्दुल-बहांनी (धर्मसंस्थापक बहाउल्लांचे पुत्र आणि उत्तराधिकारी) सांगून ठेवलंय, तू पुढचा परिच्छेद वाच. तिने मान खाली घालून पुढचा परिच्छेद वाचला. काकांनी सांगितलं ते खरंच आहे, अब्दुल-बहांनी तसं लिहिलेलं आहे, पण म्हणून त्यावर बोलायचंच नाही असं कुठे लिहिलंय? मतांची टक्कर झाल्यावरच सत्याची ठिणगी पडते हेही त्यांचंच सांगणं आहे ना!

मला सगळ्यात जास्त आठवण होते ती बाब यांच्या, म्हणजे बहाउल्लांच्या आधी येऊन त्यांच्या येण्याची वर्दी देणाऱ्यांच्या, मामांची. बाब यांनी 1844 साली इराणमधल्या शिराझमध्ये, लोक ज्याची वाट पाहत होते तो महापुरुष आपणच असं जाहीर केलं, 1850 मध्ये तबरीझला त्यांना गोळ्या घातल्या, आणि तरीही त्यांच्या एका सख्ख्या मामांना, ज्यांनी त्यांना लहानाचं मोठं होताना पाहिलं होतं, आपला भाचा खरोखर तो येणारा महापुरुष होता हे पटत नव्हतं. पुढे 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला ते बगदादला बहाउल्लांना भेटले आणि आपल्या शंका कागदावर लिहून समोर ठेवल्या. एवढं रक्त सांडलं आणि तुम्ही अजून शंका काय काढताय असं त्यांना कुणी ऐकवलं नाही, तर बहाउल्लांनी उत्तरादाखल अख्खा ग्रंथ दिला, किताब-ए-इकान, आमच्या सगळ्यात महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक. त्यात खऱ्या साधकाबद्दल लिहिताना ते म्हणतात की मनातून द्वेष तर काढाच पण प्रेमसुद्धा बाजूला ठेवा, कारण प्रेमाने आंधळा झालेला माणूस चुकीकडे वळू शकतो. स्वतःच्या अनुयायांनाही लागू होईल असं हे किती धाडसाचं सांगणं आहे!

आणि अचूकतेचं म्हणाल तर तिलाही मर्यादा घातलेल्या आहेत. अब्दुल-बहांचे नातू आणि त्यांच्यानंतर धर्माची धुरा सांभाळणारे शोगी एफेंदी यांच्या वतीने लिहिलेल्या पत्रातच स्पष्ट केलंय की त्यांचा अधिकार धर्माच्या शिकवणुकीचा अर्थ लावण्यापुरता आणि धर्माच्या कामापुरता, अर्थशास्त्र-विज्ञानात नाही. तरी आमच्यातले काहीजण आहारापासून राजकारणापर्यंत प्रत्येक गोष्टीत ग्रंथातलं किंवा पत्रातलं एखादं वाक्य काढून वाद मिटवतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

माझा श्रद्धेला विरोध आहे असं कृपया कुणी समजू नये. 18 जून 1983 ला शिराझमध्ये दहा बहाई बायकांना फाशी दिलं, त्यातली मोना महमूदनिजाद फक्त सतरा वर्षांची, मुलांचे वर्ग घ्यायची. धर्म सोडला असं म्हणा, सुटाल, एवढंच म्हणणं पुरेसं होतं आणि त्या म्हणाल्या नाहीत. त्या खात्रीपुढे मी कायम नतमस्तक आहे. पण ती खात्री त्यांची स्वतःची होती, जीव गेला तरी सोडायची नाही इतकी स्वतःची, आणि कुणा काकांनी परिच्छेद पुढे सरकवला म्हणून अशी खात्री येत नाही.

आमच्याकडे दर एकोणीस दिवसांनी फीस्ट असते, आधी प्रार्थना, मग परामर्श, म्हणजे एकत्र बसून विचारविनिमय, मग खाणंपिणं आणि गप्पा. मधला परामर्शाचा वेळ बऱ्याचदा पत्रं आणि रिपोर्ट वाचण्यातच संपतो. तर माझी आमच्या सगळ्या मंडळींना विनंती आहे की त्यातली पंधरा-वीस मिनिटं तरी तरुण मुलामुलींच्या प्रश्नांना द्या, आणि ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही तिथे नाही म्हणा.

आपली,
एक बहाई वाचक, पुणे