शनिवारची बैठक: वाचून येण्याविषयी

सर्व सभासदांना नमस्कार,

अभ्यासगटाची बैठक शनिवारी संध्याकाळी ६ वाजता आहे. विषय एकच: इ.स.पू. ३९९ मधला सॉक्रेटिसचा खटला. तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य आणि कायदा यांचे धागे यात असे गुंतलेत, की एक ओढला की बाकीचे हलतात.

सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याचे ‘अपॉलॉजी’ (न्यायालयातले बचावाचे भाषण) आणि ‘क्रिटो’ (शिक्षेनंतरचा तुरुंगातला संवाद) वाचूनच या. दोन्ही छोटेखानी आहेत. सॉक्रेटिसने स्वतः काहीच लिहून ठेवले नाही. प्लेटो खटल्याला हजर होता, दुसरा शिष्य झेनोफन त्या वेळी अथेन्सबाहेर होता. तरी सॉक्रेटिसचे बचावाचे भाषण दोघांनीही लिहिले, आणि दोन्हींत फरक आहे. मग न्यायालयात खरोखर काय बोलले गेले, हे ठरवायचे कसे? मला सर्वाधिक वेळ याच प्रश्नाला द्यायचा आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी इ.स.पू. ४०३ ची सार्वत्रिक माफी (अथेन्समधल्या यादवीनंतर जुन्या राजकीय गुन्ह्यांना दिलेली) जरूर पाहावी. त्या गुन्ह्यांवर खटला भरता येत नव्हता, म्हणून सॉक्रेटिसवर देवांना न मानण्याचा आरोप पुढे आला का? शिवाय, मृत्युदंड झाल्यावर तुरुंगातून पळून जाण्याची सोय असताना त्याने नकार दिला, हे तुम्हाला पटते का?

तयार उत्तरे नकोत. जिथे अडलात, त्या ओळीवर खूण करून पुस्तक सोबत आणा.