पगाराचं शेवटी बोल, आधी बाँड वाच

दुबई

चि. तुषार यास,
अनेक आशीर्वाद.

ऑफर लेटर वाचलं. चॅलेंजर ६०५ या खासगी जेटवर को-पायलट, टाइप रेटिंगचा (म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवायच्या परवान्याच्या प्रशिक्षणाचा) खर्च कंपनीचा, आणि पगार मंदीच्या नावाखाली २० टक्के कमी. बापूंचं म्हणणं 'आहे ते पदरात पाडून घे', वहिनींचं 'इतक्या कमीत नको'. दोघंही शेवटच्या आकड्याकडे बघताहेत. मला काळजी आहे ती चौथ्या पानाची.

मंदीत खासगी जेटचा मालक पहिल्यांदा काय करतो, तर विमान विकायला काढतो. २००८ मध्ये जगभरात १,३१७ नवी बिझनेस जेट ग्राहकांना मिळाली होती, २००९ मध्ये ८७४ आणि २०१० मध्ये ७६७. एअरलाइनचं एक विमान गेलं तर दुसरं असतं. इथे विमान गेलं की नोकरीच गेली. चौथ्या पानावर लिहिलंय की तीन वर्षांच्या आत 'कोणत्याही कारणाने' नोकरी संपली तर रेटिंगचा पूर्ण खर्च तू भरायचा. हाच तो बाँड. म्हणजे मालकाने आठव्या महिन्यात विमान विकलं तरी बिल तुझ्याच नावावर.

हे बदलून घे. बाँड दोन वर्षांचा, आणि दर महिन्याला घटत जाणारा. समजा रेटिंगचं बिल ३६,००० डॉलर आहे, तर २४ महिन्यांत दरमहा १,५०० डॉलर कमी व्हायला हवेत. १५ महिन्यांनी सोडलंस तर देणं १३,५०० उरतं. रक्कम ट्रेनिंग सेंटरच्या बिलाइतकीच धरायची, त्यात हॉटेल-तिकीट घुसवू द्यायचं नाही. कंपनीने काढलं, विमान विकलं किंवा पगार थकला तर बाँड शून्य, हे वाक्य करारातच हवं. एचआरची बाई फोनवर 'आम्ही कधी वसूल करत नाही' म्हणेल. मग लिहून द्यायला काय हरकत आहे, असं गोडीत विचार.

विमान मात्र चांगलं मिळतंय. चॅलेंजरच्या ६०४, ६०५ आणि ६५० ला एकच रेटिंग चालतं, त्यामुळे ही नोकरी गेली तरी कागद वाया जात नाही. हॉकर ४००० सारखं शंभरसुद्धा न बनलेलं विमान असतं तर मी सरळ नाही म्हणालो असतो.

आता पगाराची फोड बघ. इथल्या २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मिळते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा, आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही. तुझ्या पत्रात ३०,००० दिरहमपैकी मूळ फक्त १०,००० आहे, बाकी भत्ते. तीन वर्षांची ग्रॅच्युइटी होते २१,०००. तेच मूळ १८,००० केलं तर ३७,८००. एकूण पगार तोच, कंपनीला या महिन्यात एक दिरहमही जास्त लागत नाही, म्हणून मंदीत ही मागणी मान्य होण्यासारखी असते.

कपातीलाही तारीख लावून घे. 'परिस्थितीनुसार फेरविचार' याचा अर्थ कधीच नाही. 'सहा महिन्यांनी पगार आपोआप पूर्ववत' असं हवं. आणि कपात आहे की पगार पुढे ढकललाय, हे स्पष्ट विचार. ढकललेला पगार हे कंपनीवरचं देणं असतं आणि नोकरी सोडताना ते हिशोबात यायला हवं.

सुट्टीचं सगळ्यात मोठं दुखणं. अशी विमानं वर्षाला तीन-चारशे तासच उडतात, ऐकायला आराम वाटतो. पण मालकाचा फोन रात्री एकलाही येऊ शकतो. विमानावर पायलट किती, हे आधी विचार. दोनच असतील तर कागदावरची ३० दिवसांची रजा कागदावरच राहते. महिन्याला किमान आठ दिवस फोन न उचलण्याचे, आणि ते आदल्या महिन्याच्या २० तारखेला ठरलेले, असं माग. प्रवासी म्हणून विमान आणायला जाणं हा कामाचा दिवस धरला जातो का, आणि बाहेरगावचा रोजचा भत्ता किती, तेही विचार. कपात बहुतेक तिथेच लपवतात.

तुझी ताकद किती? खरं सांगू, आज कमी. रेटिंग नाही आणि रांगेत बरेच उभे आहेत. पण रेटिंग होऊन टाइपवर तीन-चारशे तास झाले की चित्र बदलतं. बहुतेक विमा कंपन्या टाइपवरचे किमान तास बघतात, त्यामुळे तुझ्या जागी दुसऱ्या दिवशी कुणालाही बसवता येत नाही. नव्या माणसाचं रेटिंग म्हणजे पुन्हा खर्च आणि तीन-चार आठवडे. म्हणून पगाराचं बोलणं बारा महिन्यांनी पुन्हा होईल, एवढं आत्ताच लिहून घे. तेव्हा एप्रिलमध्ये बोल, उन्हाळ्यात मालक नीस-ओल्बियाला सुट्टीवर निघायच्या आधी.

पगाराच्या सर्व्हेचे आकडे तोंडावर फेकू नकोस. तो रावेरचा केळीचा बोर्ड भाव आहे, नुसता जाहीर केलेला. बागेत व्यापारी काय देतो ते बापूंना विचार. दुसरीकडची खोटी ऑफर तर अजिबात सांगू नकोस, या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, एका फोनवर उघडं पडतं. कुणी 'आधी तास मोफत उडव, मग बघू' म्हणालं तर तिथेच थांब.

क्रम असा ठेव: बाँड, मूळ पगार, सुट्टी, कपातीची तारीख, आणि शेवटी आकडा. सगळं एकाच मेलमध्ये, पाच ओळींत, 'मला काम करायचं आहे' या वाक्याने सुरू करून. फोनवर हो म्हणू नकोस.

त्यांचं उत्तर आलं की सुधारलेला करार सगळ्या पानांसकट पाठव, परिशिष्टंही. कंपनीचा परवाना मुक्त क्षेत्राचा (फ्री झोन) आहे की मुख्य भूमीचा, तेही बघून कळव. दुबईच्या वित्तीय केंद्रात (डीआयएफसी) नोंदणी असेल तर ग्रॅच्युइटीचा नियम वेगळा लागतो.

बापू-वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना काका