मराठीत सांग, मला घाई नाही

प्रिय ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचेच आहेत.

लातूरच्या कोर्टात वकिली करताना मला आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याकडे वळावंसं वाटायचं. बार रूममध्ये एका ज्येष्ठ वकिलांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "भारत त्या हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टाचा सदस्यसुद्धा नाही. आणि तुझं इंग्रजी?" पुण्यातल्या एका चर्चासत्रात मी अडखळत प्रश्न विचारला, तर तो पुरा व्हायच्या आत वक्त्यांनी माइक पुढे द्यायला सांगितलं. ते अजून बोचतं.

तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतानाही मी दुसऱ्याच वाक्याला अडकले. तुम्ही पेन हातात घेतलंत आणि म्हणालात, "मराठीत सांग. मला घाई नाही." पाऊण तास मी बोलत होते, तुम्ही लिहून घेत होतात. पुढे हेगमध्ये सहा महिने काम मिळालं, त्यात तुमच्या शिफारशीचाही वाटा होता. पण मनात राहिलंय ते पेन. हुशार माणसं पुष्कळ भेटली, समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी फार थोडी.

अकायेसू खटल्याचा निकाल तुम्हीच वाचायला लावलात. अकायेसू हा रवांडातल्या ताबा इथला स्थानिक प्रमुख; १९९४ च्या वंशसंहाराबद्दल त्याच्यावर खटला चालला. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. टांझानियातल्या अरुशा इथं रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात साक्ष देताना एक बाई मुलीवरच्या अत्याचाराबद्दल बोलून गेली, आणि खंडपीठावरच्या एकट्या महिला न्यायाधीश नवी पिल्ले यांनी तो धागा सोडला नाही. १९९७ मध्ये आरोप वाढवले गेले. बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो, असं २ सप्टेंबर १९९८ ला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं पहिल्यांदा म्हटलं. साक्षीदार किन्यारवांडा ही आपली भाषा बोलत होते. त्यांच्या कोणत्या शब्दाचा अर्थ काय, याचाही त्या निकालात विचार आहे. ते वाचताना तुमचा कॉल आठवून डोळे भरून आले होते.

परवा तांड्यावरची एक मुलगी आईबरोबर माझ्या ऑफिसात आली. मराठीत दोन वाक्यं बोलून गप्प झाली. मला तिची भाषा येत नाही, म्हणून एका बंजारा वकील मैत्रिणीला बोलावून घेतलं. पेन उचललं आणि म्हटलं, "गोरमाटीत सांग. आम्हाला घाई नाही." तिनं आधी आईकडे बघितलं. मग सांगायला लागली.

तुमची,
लातूरची वकील