पाळणाघराची ओळ राहून गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दोलोरेस देल रिओ या मेक्सिकन अभिनेत्रीवरचा लेख वाचला. मेक्सिकोच्या नटीला मराठी पेपरात पाऊण पान मिळावं याचंच मला अप्रूप वाटलं, त्याबद्दल आधी आभार मानते. पण लेख संपल्यावर मी घरात जी बडबडत सुटले, ती ऐकून आमचे हे म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? पेपरला लिही." म्हणून हे पत्र.

आधी चूक सांगते. 'मारिया कांदेलारिया' या तिच्या चित्रपटाला १९४६ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, हे खरं. पण लेखात म्हटलंय तसा तो एकटाच मानकरी नव्हता. त्या वर्षी ग्रां प्री, म्हणजे हाच सर्वोच्च पुरस्कार, अकरा चित्रपटांना विभागून दिली होती आणि त्या अकरांत आपल्या चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता. कामिनी कौशल यांचा पहिला चित्रपट, संगीत पंडित रविशंकर यांचं. तिची आणि आपली गाठ कुठे पडत असेल तर ती इथे, आणि लेखात नेमकं तेच गळलं.

आता खरी तक्रार. लेखात तिचे डोळे आहेत, गालाची हाडं आहेत, तीन लग्नं आहेत, अमेरिकन नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सबरोबरचं प्रकरण आहे, ती म्हणे ऑर्किडच्या पाकळ्या खायची ती वदंताही आहे. तिचं काम मात्र १९४३ नंतर दोन ओळींत आटोपलंय. ती गेली १९८३ मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत बाई काय नुसती आरशासमोर बसून होती?

जन्म १९०४ चा, उत्तर मेक्सिकोतल्या दुरांगो शहरातला. वडील बँकेतले, घर सधन. क्रांतीची धामधूम सुरू झाल्यावर कुटुंबाला गाव सोडावं लागलं. १९२१ मध्ये, सतराव्या वर्षाच्या आत-बाहेर असताना, लग्न झालं. १९२५ मध्ये एडविन कॅर्यू या अमेरिकन दिग्दर्शकाने तिला मेक्सिको सिटीत पाहिलं आणि हॉलिवूडला नेलं. मूकपटाचे दिवस होते, उच्चार कुणी ऐकत नव्हतं. तोलस्तोयच्या कादंबरीवरचा 'रेझरेक्शन', मग 'रमोना', दोन-तीन वर्षांत ती मोठी तारका झाली. बोलपट आले आणि तिच्या बोलण्यातला स्पॅनिश हेल ऐकू येऊ लागला. मग कुठल्या तरी दूरच्या बेटावरची कन्या कर, ब्राझीलची सुंदरी कर, असं सुरू झालं. १९३८ मध्ये थिएटरमालकांनी 'गल्ल्याला विष' ठरवलेल्या नटनट्यांची यादी जाहीर केली, त्यात तिचं नाव होतं. आता त्याच यादीत ग्रेटा गार्बो आणि कॅथरीन हेपबर्नही होत्या, म्हणजे यादी करणाऱ्यांची पारख केवढी ते दिसतंच.

एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर ती मायदेशी परतली. दिग्दर्शक एमिलिओ फर्नांदेस, कॅमेऱ्यामागे गाब्रिएल फिगेरोआ, समोर नायक पेद्रो आर्मेन्दारिस. 'मारिया कांदेलारिया' मी आमच्या शहरातल्या फिल्म सोसायटीत पाहिला होता, खूप वर्षांपूर्वी, लोखंडी खुर्चीवर बसून. प्रिंट इतकी घासलेली की पाऊस पडतोय की रेघा आहेत ते कळेना. मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचे कालवे, फुलांनी भरलेल्या होड्या, आणि गावाने वाळीत टाकलेली ही मुलगी. तिची आई बदनाम होती, एवढाच हिचा गुन्हा. तिच्याकडे डुकराचं एक पिल्लू असतं. ते मोठं होईल, विकलं जाईल, मग लग्न करू, असा तिचा आणि तिच्या प्रियकराचा, लोरेन्सो राफाएलचा, हिशेब. सावकारी वृत्तीचा दुकानदार ते पिल्लू गोळी घालून मारतो. पुढे तिला मलेरिया होतो, आणि तिचा लोरेन्सो राफाएल क्विनाइन चोरतो. चोरायला गेलाच आहे तर लग्नाचा झगाही उचलतो! त्या झग्यापायी तो तुरुंगात जातो. सगळ्या चित्रपटात मला तो झगा सर्वांत जास्त लागला. शेवटी गाव तिला दगडांनी मारतं.

या भूमिकेबद्दल तेव्हाही कुरकुर झाली आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. हॉलिवूडहून आलेली, दुरांगोच्या श्रीमंत घरातली गोरी बाई अनवाणी पायांनी, दोन वेण्या घालून आदिवासी होते, ते मलाही पहिला अर्धा तास पटलं नाही. पण तिच्या पायांकडे पाहा. ती जमिनीवर पाऊल टाकते ते सांभाळून, काटा लागेल अशा बेताने नाही, तर रोजच्या चालीने. हे तालमीशिवाय येत नाही. पुढच्या दहा वर्षांत मेक्सिकोचा आरिएल पुरस्कार तिने तीनदा मिळवला, तो काही गालांच्या हाडांसाठी नव्हे.

१९५४ मध्ये 'ब्रोकन लान्स' या चित्रपटासाठी तिला हॉलिवूडचं बोलावणं आलं. कम्युनिस्टांबद्दल सहानुभूती असल्याच्या संशयावरून अमेरिकेने परवानगीच दिली नाही. भूमिका गेली मेक्सिकोच्याच केटी हुरादोकडे, आणि केटीला तिच्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. दुसऱ्या एखादीने यावर आयुष्यभर उसासे टाकले असते. हिने काय केलं? दोन वर्षांनी अमेरिकेतच, मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथ गावी उन्हाळी नाटकमंडळींबरोबर 'अनास्तासिया' नाटकात उभी राहिली. वय एकावन्न. तीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काढलेल्या बाईने पहिल्यांदा रंगभूमीवर पाऊल टाकलं, आणि तेही परक्या भाषेत!

ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनाच याचा अर्थ कळेल. कॅमेऱ्याला पापणी हलवली तरी पुरते. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोचवावा लागतो, आणि वाक्य विसरलं तर 'कट' म्हणणारा कुणी नसतो. मीही चाळीस वर्षं व्यावसायिक नाटकांत छोटी कामं केली आहेत, म्हणून बोलते. पुढे मेक्सिकोत तिने ऑस्कर वाइल्डचं नाटक केलं, १९६२ मध्ये इब्सेनचं 'घोस्ट्स' केलं, १९७० मध्ये 'लेडी ऑफ द कॅमेलियाज' या नाटकातली नायिका केली तेव्हा पासष्टी उलटली होती. पती लुईस रायली निर्मितीची बाजू बघायचे. मध्ये १९६० मध्ये एका हॉलिवूडपटात गायक एल्व्हिस प्रेस्लीची आई होऊन आली. लेखात एल्व्हिस आहे, इब्सेन नाही!

आणि एवढं सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. पण पाळणाघर कसं सोडायचं?

१९७० च्या जानेवारीत तिने काही सहकारी अभिनेत्रींना जमवून 'रोसा मेक्सिकानो' नावाचा गट उभा केला. काम एकच, मेक्सिकोतल्या नटांच्या संघटनेच्या सभासदांच्या मुलांसाठी पाळणाघर. पैसे जमवायला ती स्वतः फिरली. लहान मुलांना शिकवण्याच्या नव्या पद्धती या वयात शिकून घेतल्या. १९८१ पर्यंत अध्यक्षही तीच होती. तिला स्वतःला मूल नव्हतं. आज त्या पाळणाघराला तिचं नाव आहे.

संपादक महाशय, हे वाचून मला माझी आठवण झाली, ती सांगते आणि पत्र आवरते. माझा थोरला सात महिन्यांचा असताना दौऱ्यावर होते. रात्रीच्या प्रयोगाला त्याला कपडेपटाच्या पेटीवर, घड्या केलेल्या शालूंवर झोपवलं होतं. वेशभूषा सांभाळणाऱ्या मावशी लक्ष ठेवणार होत्या, पण त्यांना इस्त्रीसाठी हाक आली. दुसऱ्या अंकात माझी एन्ट्री झाली आणि विंगेतून रडण्याचा आवाज आला. माझ्या तोंडी वाक्य होतं, "घरात कुणीच नाही." प्रेक्षक हसले. मी पुढचं वाक्य बोलले, त्याच्या पुढचंही बोलले, आणि अंगावरच्या नऊवारीचा पदर दुधाने भिजला होता तो हाताने झाकून उभी राहिले. पडदा पडल्यावर निर्मात्यांनी मला बोलावून घेतलं. नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, कापली नाही, एवढाच त्यांचा उपकार. पुढच्या दौऱ्याला मूल सासूबाईंकडे राहिलं, आणि त्याने पहिलं पाऊल टाकलं ते मी ट्रंककॉलवर ऐकलं.

त्याच काळात, कुठल्या कुठे मेक्सिको सिटीत, जगातल्या सर्वांत सुंदर बायकांत गणली गेलेली एक साठीपार बाई नटनट्यांची पोरं सांभाळली जावीत म्हणून देणग्या मागत फिरत होती. हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर निदान निर्मात्यांना ऐकवायला माझ्याकडे काही तरी असतं.

तरी पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती. कानचे चित्रपट अकरा होते, त्यांत 'नीचा नगर' होता. आणि जागा उरली तर पाळणाघराची एक ओळ. ऑर्किडच्या पाकळ्या काढल्या तर तेवढी जागा नक्की निघेल.

आपली,
एक निवृत्त नाट्यकर्मी, डोंबिवली
(नाव छापू नये, ही विनंती. थोरला पेपर वाचतो.)